टाकाळ्याच्या चढावरचं अंगण

फाटक उघडलं की आधी तीन काळे दगड लागतात. घडीव आहेत, पण गुळगुळीत नाहीत. टाकीचे घाव माथ्यावर अजून दिसतात. दोन दगडांमध्ये वीतभर जागा सोडली आहे आणि तिथं हरळी वाढली आहे. तिसऱ्या दगडावर बहुतेक पुरुषांचं पाऊल चुकतं, कारण दगडांमधलं अंतर लुगडं नेसलेल्या बाईच्या चालीचं आहे. लांब ढांगा टाकत आलेला माणूस इथं चाल आवरतो आणि खाली बघतो. खाली बघायला लावणं हाच त्या तीन दगडांचा हेतू असावा असं मला वाटतं, कारण या अंगणात बघण्यासारखं जे आहे ते सगळं पायाखाली आहे.

कोल्हापुरात टाकाळ्याच्या चढावर असलेलं हे माझ्या मावशीचं घर. अंगण गुंठाभराचं. बागेचं कौतुक करताना लोक गुलाबाचं, जास्वंदीचं, मोगऱ्याचं बोलतात. जमिनीचं कुणी बोलत नाही. घर बांधताना तर ती सगळ्यात शेवटी आठवते. रंग झाला, ग्रिल बसलं, पैसे संपत आले की कुणीतरी म्हणतं, "आता पुढं ब्लॉक टाकून घेऊया." आणि दोन दिवसांत सगळा भाग करडा होऊन जातो. मावशीच्या अंगणात असं झालं नाही. तिथं दगड, हरळी, तांबडी माती, सारवलेला तुकडा, शहाबादी फरशी आणि अलीकडचा लाकडी डेक अशा निरनिराळ्या जमिनी शेजारी शेजारी नांदतात, आणि एक संपून दुसरी जिथं सुरू होते त्या जागाही विचार करून ठरवलेल्या आहेत. चांगल्या रचनेसारखंच हे अंगण सावकाश वाचावं लागतं.

वाचायला सुरुवात मात्र जी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही तिथून करायला हवी, म्हणजे ढाळापासून. ओसरीच्या पायरीपासून आग्नेय कोपऱ्यातल्या शेवग्यापर्यंत जमीन सहा फुटांना साधारण एक इंच उतरते. चालताना हे कळत नाही. पाऊस पडला की कळतं. कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला गगनबावड्याकडे त्याच्या कितीतरी पट पडतो, पण आपला हजारही कमी नाही. गुंठाभर जागेवर त्याचं पाणी होतं जवळजवळ एक लाख लिटर. एवढं पाणी दर वर्षी या अंगणात पाहुणं येतं. त्याला बसायला जागा द्यायची की गटाराची वाट दाखवायची, हा बागेच्या जमिनीचा पहिला प्रश्न आहे आणि लॉन कुठलं, फरशी कुठली हे सगळे प्रश्न त्याच्या मागून येतात.

इथं पागोळ्यांचं पाणी आधी दगडी पट्टीवर पडतं. तिथं त्याचा जोर मोडतो. मग ते पसरून हरळीत शिरतं, हरळी त्यातला गाळ धरून ठेवते, उरलेलं पाणी तांबड्या मातीत जिरतं आणि त्यातूनही उरलं तर शेवग्याखालच्या शोषखड्ड्यात जातं. खड्ड्यात खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू. ज्या गवंड्यानं हे काम केलं त्यानं पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं लेव्हल काढली होती. काम सुरू करण्याआधी मावशी आणि काकांनी एक पावसाळा नुसता बघण्यात घालवला, हे मला फार मोलाचं वाटतं. "पाणी कुठं जातंय ते बघायचं आधी, मग फरशीचं बोलायचं," असं मावशी आजही सांगते. "मी एवढी वर्षं झाडतो की हे अंगण. माझ्यापेक्षा पाण्यालाच जास्त ठाऊक आहे त्याचं."

दगडी पट्टी इथल्याच काळ्या दगडाची आहे. कोल्हापूर या दगडावर उभं आहे आणि या दगडाचंच आहे. मेजर चार्ल्स मांट यानं आराखडा केलेला नवा राजवाडा 1877 ते 1884 या काळात उभा राहिला तो याच घडीव काळ्या पाषाणात. अंबाबाईच्या देवळातही हाच रंग. पण भिंतीचा दगड वेगळ्या हातानं घडवायचा असतो आणि पायाखालचा वेगळ्या. भिंतीला तुकतुकी शोभते. अंगणात ती घातक ठरते. मावशीच्या पट्टीवर टाकीचे घाव मुद्दाम ठेवले आहेत, श्रावणातल्या ओल्या सकाळीसुद्धा पाय सरकत नाही. हल्ली बागेसाठी चकचकीत ग्रॅनाइट घेणारे लोक भेटले की मला त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांची काळजी वाटते.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारी शहाबादी आहे. तिची निवड स्वस्ताईतून झाली असणार, पण जागा अगदी बरोबर निवडली आहे. भांडी घासायची, धुणं आपटायचं, मिरच्या वाळवायच्या, यासाठी सपाट आणि मोठी फरशी लागते. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यामुळे तिला आंबटाचं वावडं. चिंचेचं पाणी, लिंबू किंवा बाथरूम धुवायचं ॲसिड पडलं की तिच्या अंगावरची साय जाते आणि तो डाग मग निघत नाही. काळ्या दगडाला असलं काही होत नाही. म्हणून चिंच-लिंबाचं काम चालतं तिथं मावशीनं एक काळा दगड वेगळा बसवून घेतला आहे. फरशीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं ते ती खराट्यानं आणि थोड्या ब्लीचिंग पावडरनं काढते, आणि ते पाणी हरळीकडं जाऊ नये म्हणून आडवं पोतं टाकते. एवढी दक्षता मी कुठल्या माळ्याकडूनही पाहिलेली नाही.

आता हरळी. या अंगणाचा जीव तिच्यात आहे.

नर्सरीत गेलं की लॉनचे तुकडे कार्पेटसारखे गुंडाळून ठेवलेले असतात. मेक्सिकन असतं, सिलेक्शन वन असतं. मेक्सिकन दाट आणि मऊ. त्यावर हात फिरवला की माणूस विकत घेतोच. पण ते सावकाश वाढतं, तुडवलेलं भरून यायला वेळ लागतो, आणि न कापता ठेवलं तर त्याचे उंचवटे होतात. मावशीकडे आहे ती साधी हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकऱ्याला ती नकोशी असते, उसाच्या सरीत एकदा शिरली की पिढ्यान् पिढ्या निघत नाही. जो गुण शेतात दुर्गुण ठरतो तोच अंगणात कामाला येतो. ती जमिनीवरून धावत्या खोडानं पसरते आणि जमिनीखालूनही पसरते, म्हणून वरचा पाचोळा झाला तरी खालून पुन्हा उठते. उन्हाची तिला भीती नाही. भीती आहे ती सावलीची. दिवसाला सहा तास ऊन मिळालं नाही तर ती उंच, विरळ आणि फिकी होते आणि मग तिच्या जागी दुसरं तण येतं.

अंगणाच्या मध्याला आंबा आहे. त्याच्या सावलीत हरळी लावायचा अट्टहास मावशीनं कधी केला नाही. सावलीची कड जिथं पडते तिथंच हिरवळ थांबते आणि पुढं आंब्याचा पाला तसाच पडू दिलेला असतो. ही कड सरळ नाही. झाड जसं वाढलं तशी ती सरकत गेली. मला संपूर्ण अंगणात सगळ्यात सुंदर वाटते ती ही वाकडी रेघ, कारण ती कुणी आखलेली नाही, तरी कुणीतरी मान्य केलेली आहे. सावलीत हिरवं पाहिजेच असेल तर रुंद पात्याचं गवत मिळतं, ते चालतं. पण जुन्या आंब्याखाली त्याचीही दमछाक होते. खतं घालून, पाणी मारून, दर वर्षी नवे तुकडे आणून आंब्याखाली लॉन टिकवणारी घरं मी पाहिली आहेत. त्यात झाडाचंही भलं होत नाही आणि गवताचंही.

हरळी लावायची ती मृगात, असा इथला रिवाज आहे. आधी जमीन खणून लव्हाळा काढायचा. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, नुसती पाती उपटून काही होत नाही. म्हणून खणल्यावर पाणी द्यायचं, लव्हाळ्याला उगवू द्यायचं, आणि वाफसा आला की गाठीसकट काढायचा. असं दोनदा करायचं. हा संयम ज्याला नाही त्यानं लॉनच्या भानगडीत पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मग काड्या चार-चार बोटांवर टोचायच्या. पावसाळा संपेपर्यंत जमीन झाकून जाते.

कापणीचा नियम एकच: पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त एका वेळी काढायचं नाही. महिनाभर वाढू देऊन मग मुळापर्यंत भादरलं की हिरवळ पिवळी पडते आणि लोक खताची पिशवी आणतात. पावसाळ्यात आठवड्याला, थंडीत पंधरा दिवसांनी, इंचभर उंची ठेवून, गवत कोरडं असताना आणि धारेच्या पात्यानं कापलं की बस्स. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी सगळे शेंडे पांढरट दिसतात. मावशीकडे ढकलायचं जुनं यंत्र आहे आणि कडेला ती विळा वापरते.

पण फाटकाच्या डाव्या हाताला हातभर रुंदीची एक पट्टी ती कधीच कापत नाही. तिथं हरळी मोकळी वाढते, तीन पात्यांचे कोवळे तुरे काढते. भाद्रपदात एकवीस दूर्वांच्या जुड्या त्या पट्टीतून निघतात. कापलेल्या लॉनमधून पूजेची दूर्वा मिळत नाही, कारण यंत्र नेमका तो कोवळा शेंडाच उडवतं. हिरवळ पायासाठी आणि कडेची पट्टी देवासाठी, गवत एकच. मला हे रचनेतलं फार मोठं सौंदर्य वाटतं. नजर नसलेल्या माणसाला ती पट्टी म्हणजे राहून गेलेलं काम वाटेल.

पाण्याचा हिशेब मात्र कठोर आहे. उन्हाळ्यात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर दिवसाला पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर गुंठाभर लॉनला रोज पाचशे लिटर झालं. मावशीची हिरवळ अंगणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे, तरी तिला तेवढंही पाणी देणं पटत नाही. मार्चच्या शेवटी ती हात आखडता घेते. एप्रिलमध्ये हरळी तपकिरी होते, मे महिन्यात तर मेलीच असं वाटतं. वळवाचे दोन चांगले पाऊस झाले की आठ दिवसांत हिरवी. वर्षाचे दोन महिने तपकिरी रंग बघायची तयारी ठेवली तर या गवताचा खर्च जवळजवळ काहीच नाही. बारा महिने एकच हिरवा रंग मागणं हा मला ऋतूंचा अपमान वाटतो.

एक शत्रू मात्र खरा आहे: हुमणी. कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. पावसाळ्यात हिरवळीवर पिवळे गोल दिसू लागले आणि ते गवत हातानं ओढल्यावर सतरंजीसारखं उचलून आलं, तर खाली मुळं कुरतडणाऱ्या पांढऱ्या अळ्या असणारच. त्यांचे भुंगेरे वळवाच्या पावसाबरोबर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुलिंब-बाभळीवर पाला खायला बसतात. तेव्हाच फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले की पुढची पिढी थांबते. शेजारच्या लिंबाखाली मावशी गल्लीतल्या पोरांना घेऊन हेच करते. बाटलीतलं औषध ओतण्यापेक्षा ही संध्याकाळ कितीतरी बरी, कारण त्याच मातीत चार पावलांवर तुळस आहे.

तुळशीभोवती तांबडी माती आहे. जांभ्याच्या चिऱ्यांनी काठ बांधलेला; पन्हाळ्याच्या माथ्यावर दिसतो तोच हा भोकाभोकांचा तांबडा दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवेत कठीण होत जातो. पावसाळ्यात काळवंडतो, त्यावर शेवाळाची मखमल येते. जिथं पाय पडत नाही तिथलं शेवाळ मावशी काढत नाही. आतली माती चाळलेली आहे, आणि ती चाळून ठेवण्याची सवय काकांची. काका तरुणपणी तालमीत जायचे.

इथं मला थोडं थांबायला हवं. कोल्हापुरात जमिनीची जेवढी निगा कुस्तीच्या हौद्यात राखली जाते तेवढी कुठल्याही बागेत राखली जात नाही. शाहू महाराज 1902 साली विलायतेच्या दौऱ्यात रोमला गेले, तिथलं कलोसियम त्यांनी पाहिलं आणि पुढं खासबागेचं मैदान उभारलं. 1912 साली ते कुस्त्यांसाठी खुलं झालं. लोक खासबागेच्या गोल बैठकीची रचना वाखाणतात, आणि ती आहेच तशी: कुठंही बसा, मधला हौदा दिसतो. पण सगळ्या रचनेचं लक्ष ज्या एका जागेवर एकवटलं आहे ती जागा म्हणजे मातीचा एक तुकडा आहे. तालमीतल्या हौद्यासाठी तांबडी माती निवडून आणतात, चाळतात, खडा राहू देत नाहीत. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर मुरवतात. आणि रोज, अगदी रोज, पैलवान खोऱ्यानं ती उकरतात, पाणी शिंपतात, सपाट करतात. उकरणं हाच व्यायाम असतो आणि हीच देखभालही. माती दबली, कडक झाली की ती जमीन पडणाऱ्या अंगाला सांभाळून घेत नाही.

आज महाराष्ट्र केसरीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात. गादी हवीच, ऑलिंपिकची कुस्ती तिच्यावर होते. पण मातीचा पैलवान जमिनीला हात लावून कपाळाला लावतो त्यामागे मला रोजच्या कष्टाची ओळख दिसते. त्यानं ती जमीन स्वतः केलेली असते.

काकांनी तालमीतून अंगणात आणली ती ही दृष्टी. नातवंडं खेळायची त्या जागी त्यांनी फरशी घालू दिली नाही. चाळलेली तांबडी माती, वीतभर खोल, दर रविवारी उकरलेली. पोरं झाडावरून, झोक्यावरून पडली, पण त्या कोपऱ्यात कुणाचं हाड मोडलं नाही. दिवाळीत त्याच मातीचा किल्ला होतो. पन्हाळा व्हायचा, विशाळगड व्हायचा. उतारावर हळीव आणि मोहरी पेरली की नरकचतुर्दशीपर्यंत डोंगर हिरवा. किल्ला मोडला की माती पुन्हा कोपऱ्यात. गल्लीतल्या बाकीच्या घरांना आता किल्ल्यासाठी मातीचं पोतं विकत आणावं लागतं. ज्या शहराची मुलं किल्ल्यांच्या गोष्टी ऐकत वाढतात, त्या शहरातल्या अंगणांत किल्ल्यापुरतीही माती राहू नये, याचं मला मनापासून दुःख होतं.

तुळशीपुढचा चार हात तुकडा शेणानं सारवलेला असतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो, मावशी तेव्हा तिथं काही करत नाही. नवरात्र झालं की आधी माती चोपून बसवते, मग शेणाचा पातळ हात. तुळशीच्या लग्नापर्यंत तीन-चार हात होतात आणि जमीन इतकी घट्ट बसते की रांगोळीची रेघ तुटत नाही. धूळ उडत नाही, पाय तापत नाहीत. ही जमीन टिकाऊ नाही, असं कुणी म्हणेल. पुन्हा पुन्हा करावी लागते हे खरं आहे. पण ती पुन्हा करता येते, तीही घरातल्याच माणसाला, कुणाला बोलावल्याशिवाय. सिमेंटच्या कोब्याला तडा गेला की तो तडा कायमचा.

आता डेककडे वळू. ओसरीपुढं मावशीच्या मुलानं तो करून घेतला. जुन्या वाड्यांच्या उतरवलेल्या सागवानी वाशांच्या फळ्या आहेत. नव्या लाकडापेक्षा हे लाकूड मुरलेलं, वळत नाही. दोन फळ्यांमध्ये पेन्सिलीएवढी फट आहे, पाणी थांबत नाही. खाली आडवे दांडे दगडांवर उचलून घेतले आहेत, म्हणजे लाकूड मातीला कुठंच टेकत नाही आणि वारा खेळतो. कोल्हापूरच्या पावसात लाकडाचा डेक टिकवायचा तर हेच तीन उपाय आहेत: फट, वारा आणि मातीपासून फारकत. यातला एक जरी सुटला तरी वाळवी तरी येते किंवा कुज तरी. स्क्रू गंजणारे नकोत, स्टेनलेसचे हवेत. लोखंडी खिळ्याभोवती सागवान काळं पडतं.

तेलाची हुशारी मला विशेष आवडली. खालच्या दांड्यांना आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना चंदगडकडून आणलेलं काजूच्या टरफलाचं तेल लावलं आहे. वाळवीवर ते जुनं आणि खात्रीचं औषध. पण कातडीला भाजतं, हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही. म्हणून वरच्या बाजूला, जिथं अनवाणी पाय पडतात, तिथं जवसाचं तेल: एकदा मृगाआधी, एकदा दिवाळीनंतर. बाजारात प्लॅस्टिक आणि लाकडाच्या भुश्श्याच्या तयार फळ्या मिळतात, त्यांना तेल लागत नाही हे त्यांचं मोठेपण. पण एप्रिलच्या दुपारी त्या तापतात, आणि रंग उडाला की लाकडासारखं तासून त्यांना पुन्हा नवं करता येत नाही.

डेक चांगला आहे, तरी या अंगणातली ती मला न पटलेली ओळ आहे. तो दोन फूट जास्त पुढं आला आहे. आधी पागोळ्यांचं पाणी दगडी पट्टीवर पसरून हरळीत जायचं. आता त्यातलं निम्मं डेकखाली शिरतं आणि जोराच्या सरीत पायरीशी तुंबतं. शिवाय खाली साचलेला आंब्याचा पाला काढायला हात पोचत नाही. मधल्या दोन फळ्या उचलता येतील अशा केल्या आणि पुढची कड मागं घेतली तर ही उणीव भरून निघेल. मावशीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याला सांग तू. पण फळ्या टाकून देऊ नका म्हणावं, कुरडया वाळवायला बरं पडतंय मला तिथं."

मोटारीची जागा मात्र नमुन्यासारखी आहे. सगळा भाग पेव्हिंग ब्लॉकनं न भरता फक्त चाकांपुरत्या दोन पट्ट्या आहेत, मध्ये हरळी. ब्लॉक साठ मिलिमीटर जाडीचे. घरच्या मोटारीला तेवढे पुरतात. खाली मुरूम दाबून, वर वाळूचा थर, आणि सांध्यांत कोरडी वाळू. सांधे सिमेंटनं भरायचे नाहीत हा मावशीचा आग्रह. मुंग्या वाळू वर काढतात, पावसानं थोडी वाहते, म्हणून दसऱ्याला एक घमेलं वाळू झाडूनं सांध्यांत लोटायची. कडेला दगड रोवलेले नसते तर ब्लॉक एव्हाना पसरले असते. काळ्या मातीच्या भागात तर हे फारच जपावं लागतं, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची कुठलीही फरशी हलवून सोडते. टाकाळ्याला खाली मुरूम आहे, नदीकडच्या भागात नाही.

नदीकडचा भाग म्हटलं की 2019 आणि 2021 आठवतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्याही वर. नागाळा पार्क, शाहूपुरीतल्या कितीतरी बागा पाण्याखाली होत्या. पूर ओसरल्यावर त्या भागात फिरताना जमिनींची परीक्षा झालेली दिसत होती. सिमेंटवर पक्क्या बसवलेल्या फरश्यांखालची माती वाहून जाऊन त्या पोकळ वाजत होत्या. प्लॅस्टिकच्या गवताच्या गालिच्यात गाळ असा रुतला होता की लोक तो गुंडाळून टाकून देत होते. जिथं हरळीवर बोटभरच गाळ बसला होता तिथं काही आठवड्यांत हिरवी टोकं वर आली.

अंगणात पाणी मुरवल्यानं पंचगंगेचा पूर थांबत नाही. तो घाटमाथ्यावरच्या पावसाचा असतो, आणि तसा दावा करणं खोटं होईल. पण तासभराच्या सरीत शहराचे रस्ते गुडघाभर वाहतात आणि जयंती नाला फुगतो, ते पाणी मात्र आपल्या छतांचं आणि आपल्या अंगणांचं असतं. तिथं प्रत्येक गुंठ्याचा वाटा आहे.

म्हणून अंगण करायला काढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ब्लॉकवाल्याला फोन करण्याआधी एक मृग जाऊ द्या. छत्री घेऊन भर पावसात अंगणात उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं जातं ते बघा. ऊन कुठल्या तुकड्यावर किती तास असतं ते टिपून ठेवा. घरातलं सगळ्यात म्हातारं आणि सगळ्यात लहान माणूस कुठं चालतं ते बघा. मग दगड, गवत, लाकूड जे पाहिजे ते घ्या. पण तिसरा हिस्सा तरी उघडी माती ठेवा, आणि तिच्यात एक हातभर जागा दूर्वेला न कापता सोडा.